सिलिॲक असताना इटालियन रेस्टॉरंटमध्ये जेवायला जाण्यापूर्वी

माझे सिलिॲक आजाराचे निदान झाले तेव्हा हाती पडलेल्या कागदावर "गहू, जव आणि राय आयुष्यभर बंद" एवढेच लिहिलेले होते (राय म्हणजे गव्हासारखे धान्य, मोहरी नव्हे). घरच्या स्वयंपाकात ते पाळणे काही आठवड्यांत अंगवळणी पडले. बाहेरचे जेवण जमायला मात्र मला दोन वर्षे लागली आणि त्यातही सर्वांत उशिरा जमले ते इटालियन. या स्वयंपाकात तांदूळ, मका, टोमॅटो, चीज, ऑलिव्ह तेल, मासे अशा मुळातच ग्लूटेन (गहू, जव, राय यांतले प्रथिन) नसलेल्या जिनसा भरपूर असतात, पण त्या शिजतात त्याच शेगडीवर एक हात अंतरावर गव्हाचा पास्ता उकळत असतो आणि पलीकडच्या ओट्यावर मैदा उडत असतो.

एक प्रसंग सांगते, कारण पुढचे सगळे मुद्दे त्यातूनच निघाले आहेत. स्वयंपाकघर उघडे दिसेल अशा एका रेस्टॉरंटमध्ये मी मशरूमचा रिसोत्तो मागवला होता. तांदूळ, लोणी, चीज, भाज्यांचा स्टॉक, सगळे विचारून घेतले होते आणि सगळे ठीक होते. माझ्या खुर्चीतून शेगडी सरळ दिसत होती. भात आटत आला, स्टॉकचे पातेले रिकामे झालेले होते, तेव्हा आचाऱ्याने हात लांबवून शेजारच्या मोठ्या भांड्यातले डावभर पाणी रिसोत्तोत ओतले. ते पास्ता उकळण्याचे पाणी होते. त्याच्या दृष्टीने ते पाणीच होते; पदार्थात काय काय घातले असे त्याला नंतर विचारले असते, तर त्याने ते पाणी मोजलेही नसते. माझी नजर तिकडे होती म्हणून मी त्या दिवशी वाचले. तेव्हापासून मी पदार्थात काय आहे हे एकदा विचारते आणि तो कशात, कोणत्या पाण्यात, कोणाच्या हाताने शिजतो हे तीनदा विचारते.

१. किती ग्लूटेन म्हणजे जास्त, हे आधी समजून घ्या

सिलिॲक हा स्वप्रतिकारशक्तीचा आजार आहे. ग्लूटेन पोटात गेले की शरीर आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते आणि अन्नरस शोषून घेणारे सूक्ष्म उंचवटे झिजत जातात. जगात साधारण शंभरात एका माणसाला हा आजार असतो आणि त्यातील पुष्कळांना तो असल्याचे माहीतही नसते. तुमची तपासणी अजून झालेली नसेल, तर ती होईपर्यंत गहू सोडू नका, कारण ग्लूटेन बंद केल्यावर रक्तातील प्रतिपिंडे उतरतात आणि तपासणी चुकीने नकारार्थी येऊ शकते.

प्रमाणाचा अंदाज येण्यासाठी चार आकडे पुरेसे आहेत. पावाच्या एका साध्या कापात सुमारे दोन ग्रॅम, म्हणजे २००० मिलिग्रॅमच्या आसपास ग्लूटेन असते. दिवसभरात १० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लूटेन बहुतेक रुग्णांच्या आतड्याला झेपते असे मानले जाते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिल्यावर अस्तराला इजा झालेली दिसली. आणि कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार, तसेच युरोप व अमेरिकेच्या नियमांनुसार, 'ग्लूटेन-फ्री' म्हणवणाऱ्या अन्नात किलोमागे जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम ग्लूटेन चालते, ज्याला २० पीपीएम म्हणतात. पावाच्या त्या कापाचे दोनशे तुकडे केले, तर त्यातला एक तुकडा तुमची दिवसभराची मर्यादा गाठतो. "सॅलडवरचे पावाचे तुकडे काढून देतो" या उत्तराने आपले काम का भागत नाही, ते यावरून लक्षात येईल.

दोन गैरसमज आत्ताच बाजूला ठेवू. उकळून, तळून किंवा भट्टीच्या प्रखर आचेने ग्लूटेन नष्ट होत नाही. ते जंतू नव्हे, प्रथिन आहे. आणि खाल्ल्यावर काही त्रास झाला नाही, म्हणजे पदार्थ सुरक्षित होता, असेही धरू नका. पुष्कळ रुग्णांना कोणतीच लक्षणे जाणवत नाहीत आणि आतडे मात्र आतून झिजत राहते.

२. सोबत काय ठेवावे

फार काही लागत नाही, पण जे लागते ते दर वेळी बरोबर असावे.

- आजाराची माहिती देणारे छोटे कार्ड, स्थानिक भाषेत. त्यावर तीन गोष्टी हव्यात: गहू, जव व राय यांपासून बनलेले काहीही चालत नाही, त्यांचा अंशही चालत नाही, भांडी, पाणी, तेल आणि चमचे वेगळे हवेत. दोन-तीन प्रती ठेवा, कारण कार्ड स्वयंपाकघरात गेले की बहुतेक वेळा परत येत नाही.
- परदेशात जात असाल, तर निदानाच्या अहवालाची प्रत. रेस्टॉरंटला तिची गरज नसते. प्रकृती बिघडून डॉक्टरकडे जावे लागले, तर ती उपयोगी पडते.
- ग्लूटेन-फ्री पास्त्याचे न उघडलेले छोटे पाकीट. काही ठिकाणी आधी सांगितल्यास ते तुमच्यासाठी शिजवून देतात. न सांगता नेऊ नका.
- पोटाला आधार होईल असे काहीतरी खाणे. भुकेल्या माणसाकडून "चालून जाईल" असा निर्णय पटकन घेतला जातो.
- छोटी वही किंवा फोनमधील टिपण. तिचे काम शेवटी येईल.

ग्लूटेन पचवतात असे सांगून विकल्या जाणाऱ्या गोळ्या या यादीत मी मुद्दाम घेतलेल्या नाहीत. सिलिॲक रुग्णाला त्या संरक्षण देतात असे सिद्ध झालेले नाही आणि त्यांच्या भरवशावर पास्ता खाणे म्हणजे स्वतःला फसवणे आहे.

३. रेस्टॉरंट निवडताना

पहिली पसंती संपूर्ण स्वयंपाकघर ग्लूटेनमुक्त असलेल्या ठिकाणाला द्या, दुसरी सिलिॲक संघटनेने प्रशिक्षण देऊन यादीत घेतलेल्या ठिकाणाला. ही दोन्ही मिळाली नाहीत, तर मी मेन्यूकार्ड पाहते: मासे, मांस, भाज्या आणि रिसोत्तो यांचा विभाग जिथे मोठा आहे, ते ठिकाण ताज्या पास्त्यासाठी नावाजलेल्या ठिकाणापेक्षा आपल्याला बरे. ताजा पास्ता रोज लाटला जातो तिथे मैदा हवेत असतो, ओट्यावर असतो आणि आचाऱ्यांच्या ॲप्रनवरही असतो.

मेन्यूकार्डावरच्या शब्दांत मोठा फरक असतो. 'ग्लूटेन-फ्री' हा अनेक देशांत कायद्याने बांधलेला शब्द आहे. 'ग्लूटेन-फ्रेंडली' किंवा 'ग्लूटेनयुक्त घटक वापरलेले नाहीत' या शब्दांचा अर्थ एवढाच, की पाककृतीत गहू नाही. भांड्यांची आणि पाण्याची हमी त्यात नसते. आणि 'ग्लूटेन-फ्री' हा शब्द दिसला तरी प्रश्न संपत नाहीत. रुग्णांनी आपल्या खिशातल्या चाचणीयंत्राने अमेरिकेतील रेस्टॉरंटांमध्ये केलेल्या साडेपाच हजारांहून अधिक चाचण्यांचे विश्लेषण २०१९ साली प्रसिद्ध झाले. ग्लूटेन-फ्री म्हणून वाढलेल्या सुमारे ३२ टक्के नमुन्यांत यंत्राला ग्लूटेन सापडले होते आणि पिझ्झा व पास्ता यांच्या बाबतीत हे प्रमाण जवळपास निम्मे होते. ही यंत्रे फार संवेदनशील असतात, आणि ज्याला शंका येते तोच चाचणी करतो, त्यामुळे हे आकडे सगळ्या रेस्टॉरंटांना जसेच्या तसे लावू नयेत. पण धोका नेमका कोणत्या दोन पदार्थांत आहे, ते यातून स्पष्ट दिसते.

४. आधी फोन करा, आणि प्रश्न नीट विचारा

दुपारचे जेवण आटोपल्यानंतर आणि संध्याकाळची गर्दी सुरू होण्यापूर्वी फोन करा. त्या वेळी आचाऱ्याशी थेट बोलता येते. ऐन गर्दीत फोन उचलणारा माणूस संभाषण लवकर संपवण्यासाठी "हो, हो, मिळेल" म्हणतो, आणि त्यात त्याचा वाईट हेतू नसतो.

ज्यांचे उत्तर फक्त "हो" असे येऊ शकते, ते प्रश्न टाळा. "तुमच्याकडे ग्लूटेन-फ्री पास्ता आहे का?" या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ सगळीकडे होकारार्थी येते आणि त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी असे विचारा:

"मला सिलिॲक आजार आहे, त्यामुळे गव्हाचा अंशही चालत नाही. ग्लूटेन-फ्री पास्ता तुम्ही कोणत्या भांड्यात आणि कोणत्या पाण्यात उकळता? तो गाळायला कोणती चाळणी वापरता? सॉस वेगळ्या तव्यात करता का मोठ्या भांड्यातून काढता?"

ज्याला माहीत आहे, तो थांबून, आठवून, तपशिलात सांगतो. एका आचाऱ्याने मला फोनवर सांगितले होते, "तुमच्यासाठी एक छोटे पातेले आहे, त्याच्या दांड्याला हिरवी चिकटपट्टी लावली आहे, आणि ते वरच्या फळीवर पालथे ठेवलेले असते." त्या एका वाक्याने मला जो धीर दिला, तो कोणत्याही छापील चिन्हाने दिला नव्हता. उलट "काळजी करू नका, आमच्याकडे सगळे येतात" असे उत्तर मिळाले, तर मी आभार मानून फोन ठेवते.

"ॲलर्जी" हा शब्द वापरावा की नाही, याबद्दल रुग्णांमध्ये मतभेद आहेत. वैद्यकीयदृष्ट्या सिलिॲक ही ॲलर्जी नाही. माझे मत असे, की "सिलिॲक आजार आहे, ॲलर्जीइतकीच काळजी घ्यावी लागेल" असे म्हणावे. त्यात खोटेही काही नाही आणि स्वयंपाकघराला नेमके काय करायचे तेही कळते. आरक्षण शक्य तितक्या लवकरच्या वेळेचे घ्या. रेस्टॉरंट उघडताना ओटे पुसलेले असतात, तेल ताजे असण्याची शक्यता जास्त असते आणि आचाऱ्याला तुमच्या ताटाकडे लक्ष द्यायला सवड असते.

५. मेन्यूकार्ड वाचताना: कोणत्या पदार्थात काय दडलेले असते

पास्ता, लझान्या, फोकाच्चा, ब्रुस्केत्ता, ग्रिसिनी यांत गहू असतो, हे सांगायला नको. फसगत होते ती खाली दिलेल्या पदार्थांत.

न्योक्की बटाट्याचे म्हणून ओळखले जातात, पण ते बांधून यायला त्यांत बहुतेक वेळा मैदा घालतात, आणि ते उकळतातही पास्त्याच्याच पाण्यात. पोलेंता मक्याची असते आणि स्वतः निर्धोक असते. मात्र तिचे गार झालेले काप ज्या ग्रिलवर भाजतात, त्याच ग्रिलवर पावही भाजला जातो. पित्सोक्केरी हा बकव्हीटचा (कुट्टूचा) पास्ता म्हणून सांगितला जातो आणि बकव्हीटमध्ये ग्लूटेन नसते हे खरे, पण पारंपरिक पित्सोक्केरीत गव्हाचे पीठ मिसळलेले असते. सूपमध्ये आणि सॅलडमध्ये येणारा फारो हा गव्हाचाच जुना प्रकार आहे. 'प्राचीन धान्य' असे शब्द वाचून निश्चिंत होऊ नका. 'ओर्झो' या शब्दाचा घोळ तर दुहेरी आहे: इटालियनमध्ये त्याचा अर्थ जव, आणि इटलीबाहेर त्याच नावाने तांदळाच्या आकाराचा गव्हाचा पास्ता विकला जातो. आपल्याला दोन्ही वर्ज्य आहेत.

मांसाच्या पदार्थांत मैदा डोळ्यांना दिसत नाही. स्कालोपीने, साल्तिम्बोक्का, ओस्सोबुको यांतील मांस परतण्यापूर्वी मैद्यात घोळवण्याची पद्धत आहे. पोल्पेत्ते, म्हणजे खिम्याचे गोळे, दुधात भिजवलेल्या पावाने मऊ करतात. वांग्याची पार्मिज्याना नावावरून निर्धोक वाटते, पण वांग्याचे काप कित्येक ठिकाणी मैद्यात घोळवूनच तळतात. मिनेस्त्रोने सूपमध्ये बारीक पास्ता घातलेला असतो आणि रिबोल्लिता तर शिळ्या पावानेच दाट केलेली असते. बेशामेल सॉसचा पायाच लोणी आणि मैदा हा आहे. 'क्रीम सॉस' असे लिहिलेले असेल, तर तो नुसत्या क्रीमचा आहे की बेशामेलचा, हे विचारून घ्या.

निवडण्यासारखे पदार्थही पुष्कळ आहेत. टोमॅटो, मोझरेला आणि तुळशीची काप्रेसे. पावाशिवाय वाढलेले कार्पाच्चो, म्हणजे कच्च्या मांसाचे पातळ काप. घरी केलेल्या किंवा घटक तपासलेल्या स्टॉकमधला रिसोत्तो. माझा सर्वांत आवडता पर्याय म्हणजे 'अल कार्तोच्चो', अर्थात कागदाच्या पुडीत बंद करून भाजलेला मासा. पुडी स्वच्छ ओट्यावर, धुतलेल्या हातांनी बांधली, की त्यानंतर ती ओव्हनमध्ये कोणाच्याही शेजारी ठेवली तरी आतल्या माशाला बाहेरचे पीठ लागत नाही. नव्या ठिकाणी पहिल्यांदा जाताना मी बहुतेक वेळा हाच पदार्थ घेते, आणि सोबतच्या भाज्या त्याच पुडीत घालायला सांगते.

पार्मेझान, पेकोरिनो, मोझरेला ही चीजे, ऑलिव्ह तेल, बाल्सामिक व्हिनेगर आणि वाइन यांत ग्लूटेनचा प्रश्न सहसा येत नाही. बिअर जवाची असते, म्हणून ती वर्ज्य. द्राक्षांच्या चोथ्यापासून ऊर्ध्वपातन करून केलेली ग्राप्पा चालते.

६. पाणी, तेल, पीठ आणि हात

पाण्यापासून सुरुवात करू. मोठ्या रेस्टॉरंटमध्ये पास्ता उकळण्याचे भांडे संध्याकाळभर तेच असते. जाळीच्या टोपल्या एकामागून एक त्यात बुडतात आणि पाणी हळूहळू दुधाळ होत जाते. हे दुधाळ पाणी इटालियन स्वयंपाकात मौल्यवान मानले जाते, कारण त्यातल्या पिष्टामुळे सॉस पास्त्याला धरून राहतो. काचो ए पेपेची, म्हणजे चीज आणि मिऱ्याच्या पास्त्याची, तर सगळी मदार या पाण्यावर असते. कार्बोनारात, क्लॅमच्या सॉसमध्ये, अगदी साध्या टोमॅटो सॉसमध्येही ते डावाने घातले जाते. म्हणून ग्लूटेन-फ्री पास्ता स्वतंत्र पाण्यात उकळला एवढ्यावर थांबू नका. सॉस पातळ करायलाही त्याच स्वतंत्र भांड्यातले पाणी वापरा, असे सांगा. भाज्या उकडण्यासाठीही काही ठिकाणी पास्त्याचेच पाणी वापरतात, त्यामुळे ताटातील ब्रोकोली आणि फरसबीचीही चौकशी करावी लागते.

चाळणीबद्दल थोडे. चाळणीच्या छिद्रांत पास्त्याचा चिकट थर बसतो आणि घाईच्या धुण्याने तो निघत नाही. वेगळी चाळणी नसेल, तर पास्ता चिमट्याने किंवा झाऱ्याने थेट तव्यात घ्यायला सांगावे, आणि तो चिमटाही धुतलेला असावा. हे बारीकसारीक सांगताना संकोच वाटतो, मलाही वाटायचा. पण चांगल्या आचाऱ्याला अशा नेमक्या सूचना आवडतात, कारण त्या त्याला लगेच अमलात आणता येतात.

तळण्याच्या तेलात मैद्यात घोळवलेले कालामारी (माखूल) आणि पावाच्या चुऱ्यात घोळवलेले आरांचिनी (भाताचे गोळे) तळलेले असतील, तर त्याच तेलातले बटाटे आपल्यासाठी नाहीत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात गव्हाच्या पदार्थांसाठीही वापरल्या जाणाऱ्या तेलात तळलेल्या बटाट्यांचे वीस नमुने तपासले होते. त्यांपैकी पाच नमुन्यांत ग्लूटेन २० पीपीएमपेक्षा जास्त निघाले.

हातमोजे घातलेले दिसले म्हणून निर्धास्त राहू नका. पावाला लागलेले हातमोजे बदलले, तरच त्यांचा उपयोग. किसलेल्या चीजची वाटी टेबलाटेबलांवर फिरते आणि तिच्यातला चमचा दुसऱ्याच्या पास्त्याला लागलेला असू शकतो. तुमच्यासाठी चीज स्वच्छ किसणीवर ताजे किसून मागा.

७. पिझ्झाचा निर्णय वेगळा घ्या

पिझ्झाच्या बाबतीत मी सर्वांत कडक आहे आणि तुम्हीही असावे असे मला वाटते. वेगळ्या पिठाचा पिझ्झा देणारी पुष्कळ ठिकाणे आहेत, पण तो ज्या ओट्यावर लाटला जातो, ज्या फावड्यासारख्या लांब पळीवरून भट्टीत सरकवला जातो आणि भट्टीच्या ज्या तळावर टेकतो, तिथे दिवसभर मैदा आणि रवा सांडत असतो. टोमॅटो सॉस पसरवायचा डावही प्रत्येक कच्च्या पोळीला घासून परत सॉसच्या भांड्यात जातो.

त्यामुळे पाच गोष्टी वेगळ्या असतील, तरच पिझ्झा घ्या: पीठ मळण्याची जागा, सॉस व चीजचे डबे, पळी, भट्टी आणि कापण्याचे चाक. भट्टी वेगळी नसेल, तर निदान पिझ्झा कडा असलेल्या बंद तळाच्या थाळीत भाजला जातो का, ते विचारा. थाळीमुळे तळाचा स्पर्श टळतो. हवेतले पीठ टळत नाही. ज्या ठिकाणी पिझ्झाची पोळी हवेत उडवून फिरवतात, तिथे मी पिझ्झा घेतच नाही.

इटालियन ग्लूटेन-फ्री पिठांविषयी एक बाब लक्षात असू द्या. त्यांतील काहींत ग्लूटेन काढून टाकलेला गव्हाचा स्टार्च असतो. पाकिटावर ग्लूटेन-फ्री असा अधिकृत उल्लेख असेल, तर ते पीठ २० पीपीएमच्या मर्यादेत असते आणि सिलिॲक रुग्णाला चालते. मात्र ज्यांना गव्हाची ॲलर्जी आहे, त्यांना ते चालत नाही. दोन्ही त्रास असतील, तर पिठाचे पाकीट मागवून घटकांची यादी स्वतः वाचा.

८. टेबलावर बसल्यापासून ताट समोर येईपर्यंत

बसल्या बसल्या पावाची टोपली उचलून न्यायला सांगा, किंवा ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. सोबतच्यांनी पाव खाल्ला तर हरकत नाही. पण ज्या तेलात त्यांनी पाव बुडवला, त्या वाटीत तुमचा चमचा जाऊ देऊ नका. कार्ड वेटरच्या हातात द्या आणि ते आचाऱ्याला दाखवायला सांगा. फोनवर बोलणे झाले असले तरी पुन्हा सगळे सांगा, कारण फोन घेणारा माणूस त्या वेळी तिथे असेलच असे नाही.

ताट येते तेव्हा "हे सिलिॲकसाठीचे आहे ना?" एवढे विचाराच. काही ठिकाणी अशा ताटाला निशाणीची काडी लावतात किंवा वेगळ्या रंगाचे ताट वापरतात. ग्लूटेन-फ्री पास्ता दिसण्यावरून ओळखता येईल या भ्रमात राहू नका. मका आणि तांदळाचा चांगला पास्ता आता हुबेहूब गव्हाच्या पास्त्यासारखा दिसतो. एकदा माझ्या शंकेवर वेटर काही न बोलता आत गेला आणि आचारी स्वतः बाहेर आला. त्याच्या एका हातात पास्त्याचे फोडलेले पाकीट होते आणि दुसऱ्या हातात ते छोटे पातेले, अजून वाफाळणारे. त्याने पाकिटावरचे चिन्ह बोटाने दाखवले, पातेले माझ्यापुढे तिरपे केले आणि म्हणाला, "यात आज फक्त तुमचाच झाला." मी तो पास्ता शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला.

ताटात चुकून पाव आला, तर तो उचलून घेऊ देऊ नका. संपूर्ण पदार्थ नव्याने करायला सांगा. नवे ताट येईपर्यंत जुने ताट आपल्याजवळच ठेवा. ते परत गेले, तर पाव काढून तेच पुन्हा समोर येण्याची शक्यता असते, आणि मग ते ओळखायला काहीच खूण उरत नाही.

९. गोड पदार्थ आणि कॉफी

जेवण नीट पार पडले, की सावधपणा सैल होतो आणि चूक इथे होते. तिरामिसूत बिस्किटे असतात, कान्नोलीचे कवच गव्हाचे असते. पान्ना कोत्ता ही क्रीम, साखर आणि जिलेटिनची असल्यामुळे सहसा चालते, पण वर बिस्किटाचा चुरा नको असे आधीच सांगा. बदाम आणि चॉकलेटचा काप्रेसे केक मूळ कृतीप्रमाणे मैद्याशिवाय होतो. तिथे तो तसाच केला आहे का, हे विचारावे लागते. जेलातो घेताना कोनऐवजी वाटी घ्या, धुतलेल्या चमच्याने आणि शक्यतो नव्या डब्यातून काढून मागा, आणि बिस्किटाच्या स्वादाचे डबे शेजारी असतील तर घेऊ नका.

कॉफी निर्धोक असते, पण इटालियन ठिकाणी जवाची कॉफीही मिळते, तिला 'काफ्फे द'ओर्झो' म्हणतात. ती त्याच यंत्रावर काढत असतील, तर तिची पूड भरायचा दांडा वेगळा आहे का, ते विचारा. बशीत ठेवून येणारे छोटे बिस्किट मी आधीच नको म्हणून सांगते.

१०. इटलीत जात असाल तर

मी इटलीत जायला सर्वांत जास्त घाबरले होते, आणि सर्वांत निश्चिंतपणे जेवले तेही तिथेच. तिथली सिलिॲक संघटना, आसोचियात्सिओने इतालियाना चेलियाकिया, १९७९ सालापासून काम करते आहे. ती रेस्टॉरंटांना आणि पिझ्झेरियांना प्रशिक्षण देते, त्यांच्यावर देखरेख ठेवते आणि त्यांची यादी प्रसिद्ध करते. या यादीत हजारो ठिकाणे आहेत. २००५ सालच्या १२३ क्रमांकाच्या कायद्याने सिलिॲक हा सामाजिक महत्त्वाचा आजार म्हणून मान्य केलेला आहे. शिवाय संपूर्ण युरोपीय संघात डिसेंबर २०१४ पासून रेस्टॉरंटांना ग्लूटेनयुक्त धान्यांसह १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणे बंधनकारक आहे. पण माहिती देणे वेगळे आणि वेगळ्या भांड्यात शिजवणे वेगळे, हे तिथेही विसरू नका.

काही शब्द पाठ करून ठेवा. स्त्रीने "सोनो चेलियाका" आणि पुरुषाने "सोनो चेलियाको" म्हटले, की "मला सिलिॲक आहे" हे कळते. "सेन्त्सा ग्लूतिने" म्हणजे ग्लूटेनशिवाय. "फारिना" म्हणजे पीठ, "फ्रुमेन्तो" आणि "ग्रानो" म्हणजे गहू, "सेगाले" म्हणजे राय. "ग्रानो साराचेनो" हे मात्र बकव्हीटचे नाव आहे. त्यात 'ग्रानो' असले तरी तो गहू नव्हे. "कोन्तामिनात्सिओने" हा शब्द उच्चारला, की ऐकणाऱ्याला समजते की तुम्हाला केवळ पाककृतीची नव्हे, भांड्यांचीही काळजी आहे.

११. चुकून ग्लूटेन पोटात गेले तर

घाबरू नका. सिलिॲकची प्रतिक्रिया काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनीही येऊ शकते: पोटदुखी, जुलाब, उलट्या, डोके जड होणे, प्रचंड थकवा. पाणी पुरेसे प्या, हलके खा, विश्रांती घ्या. उलट्या-जुलाब थांबत नसतील, ताप असेल किंवा रक्त दिसले, तर डॉक्टरकडे जा. प्रत्येक पोटदुखी ग्लूटेनचीच असते असेही नाही. श्वास लागणे, ओठ किंवा घसा सुजणे ही लक्षणे सिलिॲकची नसून ॲलर्जीची असतात आणि त्यांसाठी तातडीने रुग्णालय गाठावे लागते. असे प्रसंग वारंवार येत असतील, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी करून पथ्य कितपत पाळले जाते आहे याचा अंदाज घेता येतो.

बरे वाटल्यावर रेस्टॉरंटला कळवा. काय खाल्ले, काय विचारले होते आणि काय उत्तर मिळाले होते, एवढे शांतपणे सांगा. मी एकदा असे कळवले, तेव्हा व्यवस्थापकाने चौकशी करून सांगितले की सॉस सैल करायला सवयीने मोठ्या भांड्यातलेच पाणी घेतले गेले होते.

त्याच रात्री वहीत टिपण करा: ठिकाण, तारीख, वार, वेळ, पदार्थ, कोणाशी बोलणे झाले, पास्त्याचे भांडे वेगळे होते का, आणि पुढचे दोन दिवस प्रकृती कशी होती. चांगले जेवण झाले असेल तेव्हाही हे लिहा, आणि ज्या आचाऱ्याने काळजी घेतली त्याच्या सुट्टीचा वारही विचारून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी आरक्षण करताना तो दिवस टाळता येईल.